घरच्या वेल्डिंग टेबलासाठी सपाट प्लेट

पोलादाची प्लेट किलोवर विकली जाते, सपाटपणावर नव्हे, आणि घरच्या वेल्डिंग टेबलासाठी प्लेट शोधणाऱ्याची अडचण इथूनच सुरू होते. पुण्याजवळच्या भोसरीतल्या एखाद्या व्यापाऱ्याला लांबी, रुंदी आणि जाडी सांगितली की तो क्षणात वजन काढून देतो. प्लेट सरळ आहे का असे विचारले, तर मात्र ‘नवी कोरी आहे’ एवढेच उत्तर मिळते. त्यात त्याला दोष देण्यासारखे काही नाही, कारण बांधकामाच्या पोलादाचे आयएस 2062 हे मानक मुख्यतः ताकदीविषयी आणि रासायनिक घटकांविषयी बोलते, आणि गरम लाटलेल्या प्लेटला मीटरमागे काही मिलिमीटरचा बाक असला तरी तुळई किंवा टाकी करणाऱ्याचे त्याने काही बिघडत नाही. गेट, ग्रिल आणि लहान चौकटी घरी जोडणाऱ्याला मात्र संपूर्ण टेबलावर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा सपाटपणा हवा असतो. त्याहून अधिकाचा हट्ट मी धरला नाही, कारण वेल्ड थंड होताना जी ओढ बसते, ती बहुतेक वेळा याहून मोठी असते.

जाडीचा निर्णय मी हिशेबाने घेतला. मिलिमीटरमधील जाडीला 7.85 ने गुणले की एका चौरस मीटरचे वजन किलोमध्ये मिळते. त्यानुसार 1200 × 750 मि.मी. आकाराची 12 मि.मी. जाडीची प्लेट सुमारे 85 किलो भरते आणि 6 मि.मी. जाडीची त्याच्या निम्मी. वजन दुप्पट होते तेव्हा वाकण्याला होणारा विरोध मात्र आठपट होतो. 1200 मि.मी. अंतरावरच्या दोन टोकांवर नुसती टेकवलेली 6 मि.मी.ची प्लेट मध्यभागी स्वतःच्याच वजनाने सुमारे साडेतीन मि.मी. खाली येते, तर 12 मि.मी.ची प्लेट एक मि.मी.पेक्षा थोडी कमी. आणि मध्ये आणखी एक आधार दिला, तर 12 मि.मी.च्या प्लेटचा हा झोल जवळजवळ नाहीसा होतो. 16 मि.मी.चा मोह मलाही झाला होता, पण 113 किलोची प्लेट जिन्यावरून चढवायला माणसे मिळवणे हे एक वेगळेच काम आहे.

प्लेट कशी कापली आहे, याकडे जाडीइतकेच लक्ष द्यावे लागते. गॅस कटिंगमध्ये कड तापून फुगू पाहते, शेजारचे थंड पोलाद तिला फुगू देत नाही, आणि निवताना ती आखडते; अरुंद पट्टी त्यामुळे धनुष्यासारखी वाकते, रुंद प्लेटमध्ये हाच ताण कडेला लाटेच्या रूपाने दिसू शकतो. शिअर मशीनवर, म्हणजे कात्रीसारख्या पात्यांनी, कापलेल्या अरुंद तुकड्याला पीळ पडतो. लेझरवर उष्णता बरीच कमी लागते, म्हणून मी तोच मार्ग धरला. पण मूळ माल गुंडाळीतून उलगडून सरळ केलेला असेल, तर गुंडाळीचा बाक कापल्यावर पुन्हा डोके वर काढू शकतो. म्हणून कटपीसांच्या ढिगातून निवड करताना उभी केलेली प्लेट कडेवरून एका डोळ्याने पाहावी आणि मगच वजनकाट्यावर चढवू द्यावी. उठावाची नक्षी असलेली चेकर प्लेट अर्थातच उपयोगाची नाही, आणि जस्ताचा मुलामा असलेला पत्राही नको, कारण तापलेल्या जस्ताचा धूर फुप्फुसांना घातक असतो. जुन्या यंत्राचा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, बेड स्वस्तात मिळाला तरी त्यावर टॅक (वेल्डचा छोटा ठिपका) मारून काम पकडणे जमत नाही, कारण बीड अशा वेल्डला तडकते.

पीळ तपासायला महागडे साधन लागत नाही. चारही कोपऱ्यांवर एकसारख्या जाडीचे ठोकळे ठेवून मासेमारीचा बारीक नायलॉन दोरा दोन्ही कर्णांवर ताणून बांधावा. चारही कोपरे एका पातळीत असतील तर दोरे मध्यभागी एकमेकांना जेमतेम टेकतात. त्यानंतर वरचा दोरा खाली आणि खालचा वर करून पुन्हा पाहावे, कारण खालचा दोरा वरच्याला उचलून धरत असेल तर पहिल्या वेळी ते लक्षात येत नाही. मध्ये एक मि.मी. फट दिसली, तर तीन कोपऱ्यांच्या पातळीपासून चौथा कोपरा दोन मि.मी. चुकलेला असतो. पोट किंवा खळगा शोधायला सरळ पट्टी आणि फट मोजायच्या पातळ पात्यांचे फीलर गेज पुरते.

प्लेट प्लेनर किंवा मिलिंग या धातूचा थर काढणाऱ्या यंत्रांवर देऊन सपाट करून आणण्याचा सल्ला अनेक जण देतात, आणि तो मला पटत नाही. लाटलेल्या प्लेटच्या पृष्ठभागात ताण दबलेले असतात. एकाच बाजूचा थर काढला की तोल बिघडतो आणि प्लेट नव्याने वाकते. घासण्याच्या यंत्रावर काम चुंबकाने पकडणाऱ्या मॅग्नेटच्या चकवर तर वाकडी प्लेट ओढून सरळ धरली जाते, उत्तम घासली जाते आणि चुंबक सोडताच पुन्हा आपल्या वळणावर जाते. दोन्ही बाजू आलटून पालटून घासल्या तर हे टळते, पण त्याचा खर्च प्लेटच्या किमतीशी बरोबरी करू लागतो.

माझ्या मते खरा सपाटपणा येतो तो प्लेट बसवताना. चौकटीला वरची प्लेट चारही बाजूंनी सलग वेल्ड करण्याची पद्धत सर्रास दिसते, आणि त्या वेल्डची आकुंचनाची ओढ चांगल्या प्लेटलाही वाकवते. मी 50 × 50 मि.मी.च्या चौकोनी पाइपची चौकट करून तिच्यावर प्लेट सहा ठिकाणी बोल्टवर ठेवली. प्रत्येक ठिकाणी एक बोल्ट प्लेटला खाली खेचतो आणि शेजारचा तिला वर ढकलतो. आधी दोऱ्याने पीळ काढला, मग सरळ पट्टी लावून मधले दोन आधार फेरा-फेराने जुळवले. पुढे प्लेट हलली, तर पाना घेऊन पुन्हा जुळवता येते. वेल्ड केलेल्या टेबलात ती सोय उरत नाही.

पृष्ठभागावरची निळसर काळी मिल स्केल, म्हणजे गरम लाटताना बसलेला ऑक्साइडचा थर, वेल्डिंगची वीज नीट वाहू देत नाही, त्यामुळे ती ग्राइंडरला लावलेल्या फ्लॅप डिस्कने (सँडपेपरच्या पाकळ्यांच्या चकतीने) काढावी लागते. मात्र ग्राइंडर एकाच जागी रेंगाळला तर तिथे खळगा पडतो, म्हणून हात सतत फिरता ठेवावा. वेल्डिंगची वीज यंत्राकडे परत नेणारा अर्थचा क्लँप चौकटीला न लावता थेट प्लेटला लावलेला बरा. स्केल काढलेली प्लेट पावसाळ्यात एका रात्रीत तांबूस होते, तेव्हा काम संपल्यावर तेलाचा हलका हात फिरवतो आणि वेल्डिंगपूर्वी तो पुसून काढतो. क्लँपसाठी 16 मि.मी.ची भोके पाडण्याचा विचार आहे, पण नेमकी कुठे पाडायची हे काही महिने काम करून मगच ठरवीन. तोवर कडेला सी-क्लँप लावून भागते.