आमची वाटचाल: कॉलरपासून कोटापर्यंत

आमचं दुकान मुळात आल्टरेशनचं. पँटची लांबी कमी करणं, कंबर सोडणं आणि मुख्य म्हणजे विरलेली कॉलर उलटून देणं. हे काम दिसतं तेवढं किरकोळ नाही. कॉलर पट्टीपासून उसवायची, दोन्हींचा मध्य खडूने टिपायचा, मागची बाजू वर घेऊन जुन्याच रेषेवर टीप मारायची. मध्य जरा सरकला की एक टोक लांब दिसतं, आणि टाय बांधल्याबरोबर ते गिऱ्हाइकाच्या लक्षात येतं. सुई बारीकच हवी, जाड सुईने जुन्या भोकांशेजारी नवी भोकं पडून पट्टी फाटते.

पुढे आम्ही कोटांकडे वळलो, ते ज्या माणसाचं काम डोळ्यांपुढे ठेवून, त्याची सुईशी पहिली गाठही कॉलरमुळेच पडली. तीही नाझींच्या आउश्वित्झ छळछावणीत.

माक्सिमिलियन ग्रुनफेल्ड. जन्म १९२८, गाव पाव्लोवो. ते तेव्हा चेकोस्लोव्हाकियात होतं, आज युक्रेनमध्ये आहे. घर ज्यू. १९४४ च्या वसंतात, ज्यूंच्या वल्हांडणाच्या सणात, नाझींनी घरच्यांसह त्याला उचललं. छावणीत हातावर ए-४४०६ गोंदलं. एकमेकांचे हाल बघत दोघंही खचतील, तेव्हा तू वेगळा राहा, असं बापाने त्याला बजावलं. आईबाप, बहिणी, धाकटा भाऊ यांच्यापैकी पुढे कोणीच उरलं नाही.

त्याला धुलाईखान्यात लावलं होतं. एसएस या नाझी दलाच्या एका सैनिकाचा शर्ट ब्रशने घासताना कॉलर फाटली. सैनिकाने त्याला फोडून काढलं आणि शर्ट अंगावर फेकला. तिथल्याच एका कैद्याने सुईदोरा देऊन साधा टाका शिकवला. (आमच्या धंद्यातला माणूस इथे थांबतो. कॉलर दुमडीवर फाटली असेल तर टाका फाटलेल्या कडेला घालून चालत नाही, दोरा निघून येतो. दोन्ही बाजूंना धड कापडात शिरूनच ओढायला हवा. पोराने तेवढं साधलं असणार, कारण शर्ट टिकला.) तो त्याने कैद्यांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्याखाली घालायला सुरुवात केली. लगेच फरक पडला. पहारेकरी आणि कैदी दोघंही याला कोणीतरी वजनदार समजू लागले, छावणीत वावरणं थोडं मोकळं झालं. मग त्याने दुसरा शर्ट मुद्दाम फाडला. कपड्याची ताकद त्याला कळली ती अशी.

जानेवारी १९४५ मध्ये रशियन फौज जवळ आल्यावर कैद्यांना बर्फातून पायी हाकललं. तो जर्मनीतल्या बुखेनवाल्ड छावणीत पोचला आणि ११ एप्रिलला सुटला.

१९४७ मध्ये तो अमेरिकेत आला, नाव मार्टिन ग्रीनफिल्ड केलं आणि ब्रुकलिनच्या जीजीजी क्लोदिंग या कारखान्यात 'फ्लोअर बॉय' झाला. म्हणजे अर्धवट शिवलेल्या कपड्यांचे गठ्ठे एका कारागिराकडून दुसऱ्याकडे पोचवणारा पोऱ्या. आमच्या मते शिकायला याहून चांगली जागा नाही: बाही लावणारा कुठे अडतो, काज करणारा कशावर कुरकुरतो, सगळं दिसतं. आमच्याकडेही नवा मुलगा आधी गठ्ठेच वाहतो. ग्रीनफिल्ड हळूहळू सगळ्या टेबलांवरून फिरला, आणि १९७७ मध्ये त्याने तो कारखानाच विकत घेऊन स्वतःचं नाव लावलं. आयसेनहॉवर, क्लिंटन, ओबामा या अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचे सूट त्याने शिवले. ज्यांच्या फौजेने त्याला सोडवलं त्या आयसेनहॉवरच्या कोटाच्या खिशात तो परराष्ट्र धोरणाबद्दल सल्ल्याच्या चिठ्ठ्या घालून ठेवी! मार्च २०२४ मध्ये, ९५ व्या वर्षी तो गेला. दोन्ही मुलं धंद्यात त्याच्या जोडीला होती.

त्याच्या कारखान्याचं नाव झालं ते हातकामामुळे, आणि ते मुख्यतः छातीच्या कॅनव्हासमध्ये असतं. हा कॅनव्हास लोकर किंवा सुताचा, मजबुतीसाठी घोड्याचे केस विणलेला. आधी भिजवून वाळवावा लागतो, नाहीतर पहिल्याच ड्रायक्लीननंतर आटून छाती चुरगळते. मग तो कच्च्या टाक्यांनी कापडाला जोडायचा. लेपल, म्हणजे कोटाची छातीवर बाहेर वळलेली कड, बोटावर वळवून धरत तिरके टाके घालायचे, साधारण एकेक सेंटिमीटरवर, टोकाकडे आणखी जवळ. सुईने वरच्या कापडाचा एखादाच धागा उचलायचा. जास्त उचलला तर बाहेर खड्डे दिसतात. लेपल सपाट ठेवून टाके घातले तर तो कधीच नीट वळत नाही, मग वरून कितीही इस्त्री फिरवा.

बाजारातला स्वस्त कोट फ्यूज केलेला असतो, म्हणजे आतलं अस्तर गरम दाबाने चिकटवलेलं. नवा असताना छान दिसतो. घाम, वाफ, ड्रायक्लीन यांनी डिंक सुटला की छातीवर फुगे येतात, आणि त्यावर इलाज नाही. आम्ही फ्यूज कोट शिवत नाही, त्यामुळे आमचा दर जास्त आहे आणि वेळही. लग्नाच्या कोटाला दोन ट्रायल लागतात: पहिली नुसत्या कच्च्या टाक्यांवर, दुसरी बाह्या लावल्यावर. कापड निदान दीड महिना आधी आणावं.