बाथरूम आपलं, बीम सगळ्यांची

"घरातल्या घरात काम करायला परवानगी कशाला?" असं मला नागपुरात सतत ऐकावं लागतं. यातलं अर्धं खरं आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाचं कलम ४३ फक्त आतल्या भागापुरत्या असलेल्या दुरुस्त्यांना नियोजन परवानगीतून सूट देतं. फरशी बदला, टाइल्स लावा, जुना कमोड काढून नवा बसवा, काही हरकत नाही.

उरलेलं अर्धं मे महिन्यात त्रिमूर्तीनगरच्या एका अपार्टमेंटमध्ये पाहिलं. खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला, "वरून सकाळपासून ठोकणं चालू आहे, छताचं प्लास्टर पडून राहिलं. येऊन पाहता का जी?" मी स्ट्रक्चरल इंजिनिअर, गेले.

वरच्या घरी मुलाचा हेतू चांगलाच होता. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, वॉकर घेऊन पॅसेजच्या टोकाच्या बाथरूमपर्यंत जाणं तिला जड जात होतं. म्हणून बेडरूमच्या कोपऱ्यात नवा कमोड. पण तिथून डक्टकडे, म्हणजे पाइप खाली नेणाऱ्या उभ्या पोकळीकडे, जाणाऱ्या लाइनपर्यंत चार मीटर अंतर. चाळीसाला एक उतार धरला तरी दहा सेंटिमीटर, वर पाइपची जाडी वेगळी. बाथरूमची स्लॅब खाली घेतलेली असते, बेडरूमची नसते. मग ठेकेदाराने मधल्या बीमचा माथाच फोडला होता. वरच्या सळया उघड्या पडल्या होत्या आणि त्या सळयांना वेढून धरणारी एक रिंग ग्राइंडरने सरळ कापलेली, कापलेलं टोक अजून चमकत होतं.

"मॅडम, चारच इंच तं फोडलं. वरून कोबा टाकून देतो ना."

काम तिथेच थांबवलं. मुख्य सळई कापलेली नव्हती, हे नशीब. राग फक्त ठेकेदारावर काढण्यात अर्थ नव्हता. विजेच्या कामाला परवानाधारक ठेकेदार लागतो, नळजोडणीला परवानाधारक प्लंबर. पण घरातलं बाथरूम फोडायला घण कुणीही उचलतो. हे मला मुळीच पटत नाही.

मुलाला कायदा समजावून सांगितला. त्यांची इमारत १९७०च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालची. त्याच्या कलम ८ प्रमाणे इमारतीच्या मजबुतीला धोका होईल असं काम बाकी सगळ्या मालकांच्या संमतीशिवाय करता येत नाही. शिवाय नवा कमोड काकूंच्या झोपायच्या खोलीवर येत होता. तो ऐकत होता, पण नजर आईकडे. "मग हिचं काय करू?" एवढंच म्हणाला.

तो प्रश्न टाळण्यासारखा नव्हताच. बेडरूम आणि बाथरूममधली भिंत नुसती विटांची होती. तिच्यात लिंटेल, म्हणजे दारावरची आडवी तुळई, टाकून दार काढलं, कमोड जुन्याच जागी ठेवून उंच केला, दोन्ही बाजूंना धरायला दांडे लावले. दार बाहेर उघडणारं केलं, म्हणजे आई आत पडली तरी उघडता येईल. बीमला नव्या रिंगा बांधून मायक्रोकाँक्रीट, म्हणजे दुरुस्तीचं बारीक खडीचं काँक्रीट, भरलं. त्याचा खर्च ठेकेदाराने कुरकुरत सोसला. वॉटरप्रूफिंगनंतर अठ्ठेचाळीस तास पाणी भरून ठेवलं आणि काकूंनी स्वतः छत पाहून होकार दिल्यावरच टाइल्स बसल्या.