शिकागोचं स्टॅग फील्ड: फुटबॉल बंद पडला म्हणून

शिकागो विद्यापीठाच्या आवारात एलिस अव्हेन्यूवर, ५६व्या आणि ५७व्या रस्त्यांच्या मध्ये, हेन्री मूरचं 'न्यूक्लिअर एनर्जी' हे ब्राँझचं शिल्प आहे. उंची साधारण १२ फूट. एका बाजूने कवटी दिसते, दुसरीकडून अणुस्फोटाचा ढग, आणि खालच्या कमानींत डोकावलं तर चर्चचे खांब. पर्यटक येतात, फोटो काढतात, फरशीखाली अणुभट्टी अजून आहे का असं एकमेकांना विचारतात आणि निघून जातात. खाली काही नाही. जगातली पहिली अणुभट्टी या जागी जेमतेम साडेतीन महिने होती.

मला खटकतं ते वेगळंच. १८९३ पासून १९३९ पर्यंत ही जागा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचं घरचं मैदान होती. पण इथे येणारा माणूस मैदानाचा विषयसुद्धा काढत नाही. 'एका स्टेडियमच्या खाली प्रयोग झाला' एवढंच वाक्य सगळीकडे असतं, जणू शास्त्रज्ञांनी नकाशावर डोळे मिटून बोट ठेवलं होतं. त्या स्टेडियममधला फुटबॉल बंद पडला नसता, तर तिथे साडेतीनशे टन ग्राफाइट रचायला कोणी दिलं असतं असं मला वाटत नाही.

पोचणं सोपं आहे. डाउनटाउनमधल्या मिलेनियम स्टेशनवरून मेट्रा इलेक्ट्रिक लाइन पकडायची आणि ५५-५६-५७व्या रस्त्याच्या स्टेशनवर उतरायचं. तिथून ५७व्या रस्त्याने सरळ पश्चिमेला पाऊण मैल चाललं की एलिस अव्हेन्यू. फोनच्या नकाशात 'स्टॅग फील्ड' टाकू नका. तो तुम्हाला आणखी पश्चिमेला, कॉटेज ग्रोव्ह अव्हेन्यूजवळच्या आजच्या छोट्या मैदानावर नेतो. नाव तेच, जागा वेगळी.

जुन्या स्टेडियमचा आकार समजून घ्यायचा तर एलिस आणि ५७व्याच्या कोपऱ्यावरून चालायला लागायचं. उत्तरेला ५६व्या रस्त्यापर्यंत, तिथून पूर्वेला युनिव्हर्सिटी अव्हेन्यूपर्यंत, मग दक्षिणेला खाली ५७व्यावर आणि परत. सावकाश चाललं तरी वीस मिनिटांत फेरी होते. या चौकटीत आता तीन गोष्टी भरल्या आहेत: रेगेन्स्टाइन लायब्ररीचा प्रचंड करडा डोलारा, त्याला चिकटलेला मॅन्सुएटो लायब्ररीचा काचेचा घुमट, आणि ५६व्या रस्त्याच्या बाजूला भडक रंगांची मॅक्स पालेव्हस्की वसतिगृहं. एलिसच्या कडेने पश्चिमेचा काँक्रीटचा स्टँड होता आणि त्याच्या रस्त्याकडच्या भिंतीला किल्ल्यासारखे बुरूज आणि कंगोरे होते. ही बाजू लक्षात ठेवा, कारण भट्टी याच स्टँडच्या पोटात होती.

फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकन, लांबट चेंडूचा. जमीन दिली मार्शल फील्ड या बड्या दुकानदाराने, म्हणून सुरुवातीला मैदानही त्याच्याच नावाचं. स्टॅग फील्ड हे नाव मागाहून मिळालं. एमोस अलोंझो स्टॅग १८९२ मध्ये प्रशिक्षक म्हणून आला आणि ४१ मोसम टिकला. नोव्हेंबर १९०५ मध्ये, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, इथेच शिकागोने मिशिगनला २-० असं हरवलं. मिशिगन त्याआधी ५६ सामने अपराजित होता आणि बघायला सुमारे २७ हजार लोक होते. वाढत वाढत स्टेडियम ५० हजारांच्या घरात गेलं. १९३५ मध्ये पहिली हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, मिळाली तीही इथल्याच जे बर्वँगरला.

आणि तरी चार वर्षांत सगळं संपलं. १९२९ मध्ये आलेले विद्यापीठाचे अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांना विद्यापीठाच्या नावावर चालणारा हा तमाशा मान्यच नव्हता. स्टॅगला सत्तरीच्या नियमावर बोट ठेवून निवृत्त केलं. अभ्यासात सूट न देता खेळाडू मिळेनात. १९३९चा मोसम पाहिला तर दया येते: मिशिगनकडून ८५-०, ओहायो स्टेटकडून ६१-०, हार्वर्डकडूनही ६१-०. डिसेंबरमध्ये संघच बरखास्त झाला. हचिन्सचं चुकलं असं मला वाटत नाही. पण ५० हजारांचं स्टेडियम, त्याखालच्या खोल्या, लॉकर, कोर्टं हे सगळं शहराच्या मधोमध एका दिवसात बिनकामाचं झालं.

आता १९४२, महायुद्धातल्या अणुबॉम्ब प्रकल्पाचा काळ. भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मीची भट्टी मुळात इथे व्हायचीच नव्हती. शहराबाहेर आर्गॉनच्या जंगलात इमारत उठत होती, पण बांधकाम कामगारांच्या संपामुळे ती रखडली. फर्मीने शिकागोतल्या या कामाचा प्रमुख आर्थर कॉम्प्टनला सुचवलं की थांबण्यापेक्षा स्टँडखाली रचू. कॉम्प्टनने हो म्हटलं आणि हचिन्सना विचारलंही नाही. विचारलं असतं तर त्यांना नाहीच म्हणावं लागलं असतं, असा त्याचा हिशोब. त्याला धीर आला तो एका भौतिक गोष्टीमुळे. विखंडनातून, म्हणजे युरेनियमचं अणुकेंद्र फुटताना, निघणाऱ्या न्यूट्रॉनपैकी एक टक्क्याहूनही कमी न्यूट्रॉन काही सेकंद उशिरा बाहेर पडतात. त्यामुळे अभिक्रिया आपोआप चालू राहते त्या उंबरठ्याच्या जरा वर गेलेली भट्टी एकदम भडकत नाही, सावकाश चढते, आणि माणसाला न्यूट्रॉन शोषणारा दांडा हाताने आत ढकलायला वेळ मिळतो.

जागा होती स्टँडखालचं स्क्वॉशचं कोर्ट: ३० फूट रुंद, ६० फूट लांब, २६ फूट उंच. १६ नोव्हेंबरला रचाई सुरू झाली. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या, एक हर्बर्ट अँडरसनची, एक वॉल्टर झिनची. ग्राफाइटचे ठोकळे सव्वाचार इंच जाड आणि साडेसोळा इंच लांब, असे सुमारे ४५ हजार. लाकूडकामाच्या यंत्रांवरच ते कापायचे, रंधायचे. काहींना भोकं पाडून त्यात युरेनियम बसवायचं. भोकं पाडणारी पाती सारखी बोथट व्हायची आणि पुन्हा धार लावावी लागायची. युरेनियमचा धातू साडेपाच टनांच्या आसपासच मिळाला होता. बाकी सुमारे ३६ टन ऑक्साइड दाबून गोळे केले होते. एक थर नुसत्या ग्राफाइटचा, मग युरेनियमवाले, अशी पाळी. ग्राफाइट न्यूट्रॉनचा वेग कमी करतं, पण त्यात बोरॉनसारखी अशुद्धी कणभर जास्त असली तर तेच न्यूट्रॉन गिळून टाकतं. म्हणून सगळ्यात शुद्ध माल मध्यभागी आणि हलका माल कडेला.

रचाईला हात लावायला जवळच्या बॅक ऑफ द यार्ड्स वस्तीतली, सैन्याच्या बोलावण्याची वाट बघणारी पोरं घेतली होती. काळ्या भुकटीने फरशी इतकी निसरडी व्हायची की ठोकळा घेऊन चालणं ही कसरतच, आणि आंघोळीनंतरही अंगातून काळं निघत राहायचं. भोवती लाकडाची चौकट होती. बाहेरून गुडइयरने शिवलेला चौकोनी फुगा टांगला होता, हवा काढायची वेळ आली तर असावा म्हणून. ती वेळ आली नाही. माल अपेक्षेपेक्षा शुद्ध निघाल्याने ठरवलेला गोलाकार पूर्ण करायची गरजच पडली नाही. ५७व्या थरावर काम थांबलं आणि वरचा भाग चपटाच राहिला.

या सगळ्यात मला सर्वात आवडणारा तपशील थंडीचा आहे. कोर्टात उष्णतेची सोय नव्हती. तेलाच्या रिकाम्या पिंपांत कोळसा पेटवून पाहिला, तर धुराने जीव नकोसा झाला. मग शोभेच्या गॅस शेगड्या आणल्या, त्यांच्या वाफांनी डोळे चुरचुरायला लागले. काम करणारे हालचालीने निदान गरम राहायचे. पहारेकऱ्यांचे हाल होते. शेवटी फुटबॉलच्या जमान्यातल्या एका जुन्या लॉकरमध्ये रॅकूनच्या कातड्याचे केसाळ कोट सापडले. विसाच्या दशकात कॉलेजची पोरं सामन्याला असले कोट घालून मिरवायची. तेच आता पहारेकऱ्यांच्या अंगावर चढले. मैदान आणि भट्टी यांचा संबंध दाखवणारी याहून चांगली वस्तू मला माहीत नाही, आणि शिल्पापाशी तिचा उल्लेख नाही.

२ डिसेंबरला सकाळी दांडे काढायला सुरुवात झाली. दांडे म्हणजे लाकडी पट्ट्यांना ठोकलेले कॅडमियमचे पत्रे. एक विजेवर चालणारा. एक दोराने सज्जाला बांधलेला, आणि तो दोर तोडायला नॉर्मन हिलबेरी कुऱ्हाड घेऊन उभा. भट्टीच्या वर तिघं कॅडमियमच्या द्रावणाच्या बादल्या घेऊन. शेवटचा दांडा जॉर्ज वाइलच्या हातात, फर्मी सांगेल तेवढाच बाहेर ओढायचा. दुपार व्हायच्या आत अचानक विजेवरचा दांडा धाडकन आत पडला. बिघाड काही नव्हता, त्याची मर्यादाच फार खाली लावली होती. फर्मीने शांतपणे जेवायची सुट्टी जाहीर केली. दुपारी ३ वाजून २५ मिनिटांनी अभिक्रिया स्वतःच्या बळावर चालू लागली आणि ३ वाजून ५३ मिनिटांनी बंद केली. शक्ती किती, तर अर्धा वॉट. टॉर्चचा बल्बसुद्धा धड लागला नसता. पण भट्टीला ना संरक्षक भिंत होती ना थंड करायची सोय, त्यामुळे जास्त वाढवणं परवडणारंही नव्हतं. दहा दिवसांनी २०० वॉटपर्यंत नेली, त्याच्या पुढे नाही. मूरच्या शिल्पाचं अनावरण २५ वर्षांनी, १९६७ मध्ये त्याच तारखेला झालं, पण ३ वाजून ३६ मिनिटांनी. अकरा मिनिटांचा हा घोळ आकडे पाठ असणाऱ्यांना टोचत राहतो.

पश्चिमेचा स्टँड १९५७ मध्ये पाडला. १९६५च्या फेब्रुवारीत जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला तेव्हा जपायला इमारतच उरली नव्हती. पुढच्याच महिन्यात स्टॅग १०२ वर्षांचा होऊन वारला. उरलेलं मैदान लायब्ररीसाठी गेलं आणि रेगेन्स्टाइन १९७० मध्ये उघडली. आत जायचं असेल तर बाहेरच्यांसाठीचे नियम आधी बघून जा, दाराशी ओळखपत्र लागतं. मराठी माणसाने मात्र प्रयत्न जरूर करावा. पीएल ४८० योजनेत, अमेरिकेने भारताला विकलेल्या धान्याच्या रुपयांतून, साठच्या दशकात भारतीय भाषांतली पुस्तकं अमेरिकी ग्रंथालयांसाठी घेतली जात होती. शिकागो त्या ग्रंथालयांत होतं आणि त्यात मराठीही आली. मोल्सवर्थचा कोश आपण ऑनलाइन उघडतो तोही याच विद्यापीठाच्या दक्षिण आशिया प्रकल्पाच्या कृपेने. घुमटाखालच्या मॅन्सुएटोत पुस्तकं जमिनीखाली पेट्यांत ठेवलेली आणि यंत्राने वर येणारी, ३५ लाख पुस्तकांची सोय. बाहेरून काचेतून बघायला फुकट.

नव्या स्टॅग फील्डवर वेळ घालवू नये असं माझं मत. विद्यापीठाने १९६९ मध्ये फुटबॉल परत सुरू केला, पण खालच्या श्रेणीत आणि शिष्यवृत्त्यांशिवाय. त्यात गैर काही नाही, बघण्यासारखं मात्र फारसं नाही.

त्यापेक्षा गाडी असेल तर रेड गेट वूड्सला जावं. १९४३च्या फेब्रुवारीअखेर भट्टी इथून हलवली, त्याच ठोकळ्यांतून आर्गॉनच्या जंगलात संरक्षक भिंतीसह पुन्हा रचली आणि मार्चमध्ये चालू केली. काम संपल्यावर १९५६च्या सुमारास तिचे अवशेष तिथेच पुरले. म्हणजे फरशीखाली काय आहे या प्रश्नाचं खरं उत्तर इथे, शहराच्या नैर्ऋत्येला आर्चर अव्हेन्यूजवळच्या जंगलात आहे. दोन खुणा आहेत. 'साइट ए'चा ग्रॅनाइटचा दगड गाडीतळापासून मैलभर आत. दुसरा 'प्लॉट एम', तिथे किरणोत्सर्गी कचरा गाडला आहे, आणि दगडावर कोरलंय की खणू नका, पाहुण्यांना धोका नाही. लोक नेमके याच दगडापासून दोन पावलं मागे राहून फोटो घेतात. बस जवळपास येत नाही, जंगल सूर्यास्ताला बंद होतं, पाटीवरची वेळ बघूनच आत शिरा. आणि उन्हाळ्यात जात असाल तर पूर्ण पँट घालून मोजे वरून ओढा. गवतात गोचीड भरपूर असतात आणि त्यांच्याबद्दल दगडावर काही लिहिलेलं नाही.