तुम्ही विचारलंत म्हणून: फाइल डेटाबेसमध्ये का भरत नाही?

बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतल्या दूध संस्थांचे हिशोब मी कॉम्प्युटरवर तपासून देतो. त्यामुळे एक प्रश्न मला सारखा ऐकायला मिळतो. टिळकवाडीत कॉम्प्युटर शिकणारी मुलं विचारतात, "सर, तुमच्याकडे पोस्टग्रेस आहे, मग संस्थेची फाइल आधी त्यात इम्पोर्ट का करत नाही? बाहेरच्या बाहेर तिच्यावर क्वेरी कशाला?" (पोस्टग्रेस म्हणजे डेटाबेस चालवणारं सॉफ्टवेअर, क्वेरी म्हणजे डेटाला विचारलेला प्रश्न.) आणि बेळगुंदी-जांबोटी पट्ट्यातले सेक्रेटरी म्हणतात, "एक्सेल हाय की, मग हे आनि कशाला?" दोघांचं उत्तर एकच आहे, म्हणून एकदा नीट लिहितो.

संस्थेत दूध घातलं की मशीन एक ओळ लिहितं. तारीख, पाळी सकाळची की संध्याकाळची, सभासद नंबर, नाव, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ), दर, रक्कम. मध्ये कुठे स्वल्पविराम, कुठे टॅब, कुठे उभी रेघ. सभासदाचं बिल या ओळींवरून निघतं. म्हणजे ही फाइल म्हणजे माझ्या कामाचा कच्चा माल एवढंच नाही, ती पुरावा आहे. उद्या कोणी म्हणालं, "माझी एक पाळी बिलात धरली नाही," तर मशीननं काय लिहिलं ते जसंच्या तसं दाखवता आलं पाहिजे. मी ती डेटाबेसमध्ये भरली, भरताना चार ठिकाणी दुरुस्त केली, की दोन प्रती झाल्या. मग वाद दुधाचा राहत नाही, कुठली प्रत खरी याचा होतो.

एक्सेलचं म्हणाल तर मला त्याचा राग नाही. पण दोनदा क्लिक करून सीएसव्ही (अशीच स्वल्पविरामांनी तोडलेल्या ओळींची साधी फाइल) उघडली की ते आपल्या मनानं अर्थ लावतं. एकाच घरातल्या तिसऱ्या सभासदाचा नंबर १२/३ असा असेल तर त्याची तारीख होते. कॉम्प्युटरवर तारखेची पद्धत आपली असेल तर १२ मार्च, अमेरिकन असेल तर ३ डिसेंबर. ००४७ चे ४७ होतात. तशातच कोणी सेव्ह दाबलं की मूळ आकडा गेला. त्यात आपल्याकडे बऱ्याच फाइलींत नाव दोनदा असतं, सभासदासाठी मराठीत आणि वर पाठवायच्या रिपोर्टसाठी कन्नडमध्ये. साध्या सीएसव्ही पर्यायानं सेव्ह केलं तर दोन्ही नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उरते. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत दोन्ही लिप्या एका ओळीत सुखानं नांदतात, फक्त मध्ये कोणी हात घालता कामा नये.

म्हणून मी पोस्टग्रेसचं फाइल-एफडीडब्ल्यू हे एक्स्टेन्शन, म्हणजे बाहेरची फाइल टेबलासारखी वाचू देणारी जोडणी, वापरतो. ते २०११ साली, ९.१ आवृत्तीबरोबर आलं आणि तेव्हापासून पोस्टग्रेससोबतच मिळतं. क्रिएट एक्स्टेन्शन म्हणायचं, एक नावापुरता सर्व्हर तयार करायचा आणि मग फॉरेन टेबल लिहायचं: कॉलम कुठले, फाइल कुठे आहे, फॉरमॅट सीएसव्ही, डिलिमिटर (दोन रकान्यांमधलं चिन्ह) कुठला, पहिली ओळ मथळ्याची आहे का. डेटा कुठेही हलत नाही. सिलेक्ट, म्हणजे वाचायची आज्ञा, दिली की त्या क्षणी फाइल उघडली जाते, वाचली जाते आणि उत्तर येतं. संस्थेनं संध्याकाळी त्याच नावानं ताजी फाइल ठेवली तर पुढच्या क्वेरीला ताजं उत्तर मिळतं, काही भरायला नको. आणि मला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट म्हणजे हे टेबल फक्त वाचता येतं. अपडेट किंवा डिलीट चालवायला गेलं तर पोस्टग्रेस सरळ नकार देतं.

काही गोष्टी मात्र माहीत असल्याच पाहिजेत. पोस्टग्रेसचा सर्व्हर ज्या कॉम्प्युटरवर चालतो तिथेच फाइल हवी, आणि ती वाचायची परवानगी पोस्टग्रेस ज्या युजरनं चालतं त्याला हवी. तुमच्या लॉगिनला फाइल दिसते म्हणून त्याला दिसेल असं नाही. नवी मुलं पहिल्या दिवशी इथेच अडतात. हेडर चालू ठेवलं की पहिली ओळ वगळली जाते, पण त्या मथळ्यांशी कॉलमची नावं जुळवली जात नाहीत. जुळणी फक्त क्रमानं होते. मशीनचं सॉफ्टवेअर बदललं आणि फॅटच्या आधी एसएनएफ यायला लागलं, तर दोन्ही आकडेच असल्यामुळे चूक दाखवणारा एकही मेसेज येत नाही. म्हैस एसएनएफ ६ आणि फॅट ९ देताना दिसली की समजायचं. म्हणून नवीन फाइल आली की मी आधी तिची पहिली ओळ डोळ्यांनी वाचतो.

त्याच पहिल्या ओळीत आणखी एक गंमत असते. विंडोजवर यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केलेल्या फाइलच्या सुरुवातीला बऱ्याचदा बीओएम नावाचं न दिसणारं चिन्ह चिकटलेलं असतं. मथळा असेल तर ते मथळ्याबरोबर वगळलं जातं आणि कोणाला पत्ताही लागत नाही. मथळा नसलेल्या फाइलमध्ये ते थेट पहिल्या आकड्याला चिकटतं आणि समोर १ दिसत असूनही पोस्टग्रेस म्हणतं हा आकडा नव्हे.

माझी रीत अशी, की फॉरेन टेबलमध्ये सगळे कॉलम टेक्स्ट ठेवायचे आणि त्यावर एक व्ह्यू, म्हणजे नाव देऊन ठेवलेली क्वेरी, बांधायचा. रक्कम १,२५,००० अशी अवतरणात आली असेल तर व्ह्यूमध्ये स्वल्पविराम काढायचे. आकडे देवनागरीत टाइप झाले असतील तर ट्रान्सलेट हे अक्षरं बदलणारं फंक्शन वापरून बदलायचे, कारण देवनागरी अंकांचं न्यूमेरिक, म्हणजे बेरीज-वजाबाकीचा आकडा, होत नाही. दुरुस्ती काय केली ते व्ह्यूच्या व्याख्येत लिहिलेलं राहतं, कोणालाही वाचता येतं, आणि खाली फाइल जशीच्या तशी असते.

एका संस्थेत एका म्हातारीचं बिल कमी आलं. तिचं म्हणणं, एका सकाळी दूध घातलं होतं, ते धरलेलं नाही. तिचा नंबर ०१४७. त्या सकाळी त्या नंबराची ओळ फाइलमध्ये खरोखरच नव्हती. मी एकाच पाळीत एकाच नंबरावर दोन ओळी कुठे आहेत ते विचारलं. गाय आणि म्हैस दोन्ही असलेल्या घरात तशा दोन ओळी येणं बरोबरच असतं, त्यामुळे यादी बरीच आली. मग अट वाढवली: ज्याच्या नावावर बाकी सगळ्या दिवशी एकच ओळ आहे. आता उरला ०१७४. त्याचं रोजचं गायीचं दूध, फॅट ३.८ च्या आसपास. त्या सकाळी दुसरी ओळ ६.९ फॅटची. टाइप करताना ४ आणि ७ उलटे झाले होते. फाइल-एफडीडब्ल्यूमध्ये फाइलऐवजी एखाद्या कमांडचं आउटपुट वाचायचा प्रोग्रॅम हा पर्याय २०१७ च्या १० व्या आवृत्तीपासून आहे. त्यातून ऑक ही ओळीओळीनं फाइल वाचणारी कमांड चालवून मी प्रत्येक ओळीपुढे तिचा क्रमांक जोडून घेतो. त्यामुळे सेक्रेटरींना मूळ फाइलमधली नेमकी ओळ दाखवता आली. त्यांनी ती स्वतःच्या मशीनवर उघडून पाहिली आणि पुढच्या बिलात पैसे जमा केले. माझ्या प्रतीवर त्यांनी विश्वास ठेवायची गरजच पडली नाही.

पोस्टग्रेस बसवायला जड वाटत असेल तर डकडीबी हा हलका डेटाबेस घ्या. फ्रॉमच्या पुढे फाइलचं नाव अवतरणात दिलं की झालं, डिलिमिटरही ते स्वतः ओळखतं. पण कॉलममध्ये आकडा आहे, तारीख आहे की टेक्स्ट, तो प्रकारही ते स्वतः ठरवतं, म्हणून सभासद नंबरांसाठी सगळे कॉलम टेक्स्ट धरायचा पर्याय, ऑल-वारकॅर, चालू करा. नाहीतर पुढची शून्यं इथेही जातात. एसक्यूलाइट या दुसऱ्या छोट्या डेटाबेसलाही सीएसव्ही वाचणारं एक्स्टेन्शन आहे, तेही फक्त वाचणारं. मात्र ते वेगळं कंपाइल करून लोड करावं लागतं.

मग मी कधीच भरत नाही का? भरतो. फॉरेन टेबलवर इंडेक्स, म्हणजे हवी ती ओळ पटकन शोधून देणारी सूची, करता येत नाही, प्रत्येक क्वेरीला फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली जाते. एका महिन्याच्या फाइलला त्याचं काही वाटत नाही. अनेक संस्थांची काही वर्षांची आकडेवारी एकत्र बघायची असेल तर वाटतं. तेव्हा मी त्याच व्ह्यूवर मटेरियलाइज्ड व्ह्यू, म्हणजे उत्तर डेटाबेसमध्ये साठवून ठेवणारा व्ह्यू, करतो, त्यावर तारीख आणि सभासद नंबराचा इंडेक्स लावतो आणि नवी फाइल आली की रिफ्रेश देतो. बिल वाटून झालेल्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये फक्त वाचण्याच्या परवानगीनं ठेवतो. सेक्रेटरींच्या लॉगिनला व्ह्यूवर सिलेक्टचा अधिकार देतो, म्हणजे मी नसतानाही त्यांना कुठल्याही सभासदाच्या पाळ्या काढून बघता येतात.