मिरीच्या चित्रात शिडी कुठाय?

मसाल्याच्या व्यापाराची जुनी युरोपी चित्रं बघताना आधी शिडी शोधावी. चित्रकाराला हे काम ठाऊक होतं का, याची ती पहिली खूण. मिरी हा वेल. पांगारा, फणस, सुपारी, मिळेल त्या झाडावर चढतो. घोस उतरवायला एकाच बांबूची शिडी खोडाला टेकवून माणूस वर जातो; एक हात शिडीला, एक घोसाला.

मार्को पोलोच्या प्रवासवर्णनाची १४१०-१२च्या सुमारास पॅरिसात सजवलेली प्रत प्रसिद्ध आहे. तिच्यात केरळातल्या कोल्लमची मिरीतोड आहे. शिडी नाही! माणसं जमिनीवर उभी राहून, मळ्यात द्राक्षं तोडावीत तशी, झुडपांवरून मिरी काढतायत. पोलोचा मजकूरही फसवाच: तोडणी म्हणे मे ते जुलै. भर पावसात केरळात मिरी वाळवणार कुठे? खरी तोडणी साधारण डिसेंबर ते मार्च. घोसात एक-दोन दाणे लाल झाले की उतरवायचा. घाई केली तर दाणा पोचट, उशीर केला तर गळती नि पाखरं. मग चार-पाच दिवस कडक ऊन. १०० किलो हिरव्या मिरीचे जेमतेम ३३-३५ किलो काळे दाणे. ओल राहिली की बुरशी. दाणे खालीवर करणारे, पोती भरणारे हात त्या चित्रात नाहीत.

दुसरी खूण शरीराची. नागपूरच्या इतवारीच्या किराणा बाजारात बघा: भरलं पोतं पाठीवर आलं की हमालाची मान पुढे जाते, गुडघे मोडतात. डच प्रवासी लिन्स्खोटेनच्या १५९६च्या ग्रंथातली गोव्याची चित्रं दे ब्री या युरोपी कोरक्यांनी पुन्हा कोरली, तेव्हा माणसं ग्रीक पुतळ्यांसारखी पिळदार झाली. ओझं मात्र हलकं वाटतं. त्यापेक्षा रोमच्या कासानातेन्से ग्रंथालयातली १५४०च्या आसपासची ७६ रंगचित्रं भरवशाची. चित्रकार बहुधा भारतीयच. त्यांतले लोहार, परीट, नांगरणारे बघावेत. मिरीसाठी नव्हे, हात अवजार कसं धरतो त्यासाठी.

आन्द्रिस बेकमन या डच चित्रकाराचं बटाव्हियाच्या (आजचं जकार्ता) किल्ल्याचं चित्र (सुमारे १६६१) डच ईस्ट इंडिया कंपनीच्या ॲम्स्टरडॅममधल्या कचेरीसाठी काढलेलं. बाजार, नारळाची झाडं, मालकावर छत्री धरणारा गुलाम. कंपनीचं जायफळ यायचं इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरून. १६२१ साली कंपनीने तिथल्या लोकांची कत्तल केली, त्यानंतर तिथल्या बागा गुलामांच्याच कष्टावर चालत. जायफळ उतरवायला लांब बांबू लागतो, टोकाला आकडे नि छोटी टोपली. छत्रीची काठी मात्र बेकमनने नीट रंगवलीय.