नवतपा, कूलर आणि रॅमच्या दोन स्टिक

आमच्या नागपुरात ‘कूलर’ म्हटले की डोळ्यांसमोर खिडकीला लावलेली, वाळ्याच्या ताट्यांची, रोज पाणी भरावे लागणारी पत्र्याची पेटी उभी राहते. त्यामुळे संगणकासाठी कूलर, म्हणजे त्याचा प्रोसेसर थंड ठेवणारे साधन, आणायला निघालो आहे असे मी जानेवारीच्या थंडीत घरी सांगितले, तेव्हा घरात एक असताना दुसरा कशाला, असे आईने विचारणे स्वाभाविकच होते. मी तो प्रश्न हसण्यावारी नेला. मे महिन्याच्या अखेरीस, नवतपा (उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले समजले जाणारे नऊ दिवस) सुरू असताना, त्याच खिडकीतल्या कूलरपाशी माझे सगळे हिशेब येऊन थांबले.

संगणकात एएमडीचा रायझन 7 7700 हा आठ कोरचा, म्हणजे एकाच वेळी काम करणाऱ्या आठ गणन-भागांचा, प्रोसेसर आहे. त्याच्या खोक्यावर 65 वॉट लिहिलेले असले, तरी सॉकेटमधून, म्हणजे मदरबोर्डवरच्या त्याच्या खोबणीतून, तो प्रत्यक्षात 88 वॉटपर्यंत वीज घेतो. याच घराण्यातल्या 7700 एक्सला 142 वॉटची मुभा असते आणि दोघांच्या आत असलेले सिलिकॉन सारखेच असते. म्हणून कमी किमतीचा प्रोसेसर घ्यायचा आणि बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) पीबीओ ही सोय चालू करून त्याची वीजमर्यादा वाढवायची, हा माझा बेत होता. दिवसा ब्लेंडर या त्रिमिती सॉफ्टवेअरमध्ये इमारतींच्या आराखड्यांचे रेंडरिंग, म्हणजे त्यांची चित्रे तयार करणे, आणि रात्री फ्लाइट सिम्युलेटर, अशी या संगणकाची दोन कामे आहेत. पहिल्याला कोर आणि वॉट लागतात, दुसऱ्याला वेगवान रॅम लागते. म्हणजे थंडावा आणि रॅम या दोन्हींवर खर्च करणे भाग होते.

प्रोसेसरबरोबर येणारा रेथ प्रिझम हा कूलर 88 वॉटला पुरतो. 142 वॉटला मात्र तो पूर्ण वेगाने फिरूनही प्रोसेसर 95 अंशांच्या कमाल मर्यादेवर जाऊन टेकला, आणि आवाज इतका झाला की शेजारच्या खोलीतून विचारणा झाली. पर्याय दोन होते: 240 मिलिमीटर रेडिएटरचा लिक्विड कूलर किंवा धातूच्या पातळ पंखांच्या दोन मनोऱ्यांचा, पंख्याच्या हवेवर चालणारा मोठा एअर कूलर. लिक्विड कूलर दिसायला देखणा असतो आणि अचानक आलेला भार काही मिनिटे सहज पचवतो, कारण पाणी तापायला वेळ लागतो. परंतु माझे रेंडरिंग तीन-तीन तास चालते. तेवढ्या वेळात पाणी तापून एका पातळीवर स्थिरावते, आणि मग तोही खोलीतल्या हवेवरच अवलंबून राहतो. शिवाय त्यात पंप हा आणखी एक फिरता भाग असतो, आणि नळ्यांच्या भिंतींतून वर्षानुवर्षे थोडे थोडे पाणी उडून जातच असते. एअर कूलरचा पंखा बिघडला तर इतवारीत किंवा सीताबर्डीत मिळणारा कोणताही 120 मिलिमीटरचा पंखा लावून संध्याकाळी काम पुन्हा सुरू करता येते. पंप बिघडला तर वॉरंटीचा अर्ज भरून वाट पाहत बसावे लागते.

तरीही माझा निर्णय ठरवणारे कारण वेगळेच होते. मनोरा-कूलरचा पुढचा पंखा रॅमच्या अगदी शेजारी किंवा थेट तिच्यावर बसतो. त्याने खेचलेली हवा रॅमच्या आणि प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या व्हीआरएमच्या आजूबाजूने वाहते. लिक्विड कूलरमध्ये त्या जागी केवळ पंपाचा ठोकळा असतो आणि रॅमच्या वाट्याला कॅबिनेटमधली साचलेली हवा येते. हे मी तेव्हा नुसते वाचले होते. त्याचे महत्त्व पुढे कळले.

मोठमोठ्या कूलरांच्या यादीत नॉक्टुआचा एनएच-डी15 पहिला डोळ्यांत भरतो, पण त्याची उंची 165 मिलिमीटर आहे आणि माझ्या कॅबिनेटची झडप 160 च्या पुढे बंद होत नाही. म्हणून सहा हीट पाइपांचा, 155 मिलिमीटर उंचीचा थर्मलराइट पीअरलेस असॅसिन 120 एसई घेतला. (हीट पाइपच्या आतही कमी दाबाखाली कोंडलेले थोडेसे पाणीच असते, ते प्रोसेसरजवळ वाफ होते आणि पंखांजवळ पुन्हा पाणी होते. बाष्पीभवनावर चालणारे दोन कूलर आमच्या घरात आहेत, असे मी आईला नंतर सांगितले. तिचे समाधान झाले नाही.) याहून महाग कूलर घेऊन फारसे काही साधले नसते, कारण या प्रोसेसरचे आठही कोर सुमारे 70 चौरस मिलिमीटरच्या, म्हणजे करंगळीच्या नखाएवढ्या, तुकड्यात दाटीवाटीने बसवलेले असतात. त्यावर असलेले धातूचे झाकण जुन्या एएम4 सॉकेटचे कूलर बसावेत म्हणून मुद्दाम जाड ठेवलेले आहे. उष्णता त्या नखातून आणि झाकणातून बाहेर पडतानाच अडखळते. पुढे पंख कितीही असले तरी ती अडचण तशीच राहते.

रॅमच्या बाबतीत मी आधी दोनदा चुकीच्या वाटेने गेलो होतो. जुन्या संगणकात रॅमच्या चार स्टिक (पट्ट्या) होत्या, म्हणून इथेही चार घ्याव्यात असे वाटत होते. परंतु दोन स्टिक असताना या प्रोसेसरला अधिकृतपणे डीडीआर5-5200 चा (डीडीआर5 ही रॅमची पिढी, 5200 हा आकडा वेगाचा) वेग मान्य आहे आणि चार असताना केवळ 3600 चा. ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणे, करायचे असेल तर इथूनच मागे पडण्यात अर्थ नव्हता. दुसरी चूक म्हणजे आकडा मोठा तेवढी रॅम चांगली हा समज. 6000 च्या वेगाला रॅम आणि प्रोसेसरमधला तिला चालवणारा मेमरी कंट्रोलर दोन्ही 3000 मेगाहर्ट्झवर जोडीने चालतात. साधारण 6400 च्या पुढे गेल्यावर बहुतेक मदरबोर्ड कंट्रोलरचा वेग निम्मा करतात, आणि खोक्यावरचा मोठा आकडा प्रत्यक्षात विलंब वाढवतो. त्यामुळे 16 जीबीच्या दोन स्टिक, 6000 वेग आणि सीएल30 (मागितलेली माहिती देण्यास 30 चक्रांचा विलंब) हे ठरले. 30 चक्रांचा विलंब 3000 मेगाहर्ट्झला बरोबर 10 नॅनोसेकंद होतो. स्वस्त मिळणाऱ्या सीएल36 ला तोच 12 होतो, आणि सिम्युलेटरमध्ये मुंबईच्या विमानतळावर उतरताना तो फरक जाणवतो. उंचीही मोजली: रंगीत दिव्यांच्या स्टिक 44 मिलिमीटरपर्यंत जातात आणि कूलरचा पंखा वर सरकवायला लावतात, तर जीस्किलच्या फ्लेअर एक्स5 ची उंची 33 मिलिमीटर आहे. दिवे मला नकोच होते. तेही शेवटी रॅमच्याच अंगावर उष्णता ओततात.

पहिल्यांदा संगणक सुरू केला तेव्हा काही मिनिटे पडदा काळाच राहिला आणि माझा जीव टांगणीला लागला. डीडीआर5 मध्ये मेमरी ट्रेनिंगला, म्हणजे संगणकाने रॅमशी जुळवून घेण्याला, असा वेळ लागतो हे ठाऊक असूनही हात बटणाकडे जात होता.

नंतर मी खरी करामत केली. रॅममधला प्रत्येक बिट हा एका सूक्ष्म कपॅसिटरमधला विद्युतभार असतो आणि तो गळत राहतो, म्हणून ठरावीक काळाने तो पुन्हा भरावा लागतो. डीडीआर5 मध्ये हा काळ 3.9 मायक्रोसेकंद असतो, म्हणजे माझ्या वेगाला 11,700 चक्रे. 16 गिगाबिटच्या चिपला प्रत्येक वेळी या कामासाठी 295 नॅनोसेकंद दिले जातात. म्हणजे साधारण साडेसात टक्के वेळ रॅम स्वतःच्या देखभालीतच घालवते. बायोसमधली, दोन भरण्यांमधली चक्रे ठरवणारी टीआरईएफआय ही संख्या मी 65,535 केली, त्यामुळे दोन भरण्यांमधले अंतर जवळजवळ 22 मायक्रोसेकंदांवर गेले आणि सिम्युलेटर अधिक सुरळीत चालू लागला. जानेवारीत खोलीचे तापमान 22 अंश होते. रात्रभर मेमरी टेस्ट चालवली, एकही चूक आली नाही, आणि मी निर्धास्त झालो.

मे महिन्यात दोन रेंडर मधेच बंद पडले. एक झिप फाइल उघडताना खराब असल्याचे सांगू लागली आणि दुसऱ्यांदा मात्र उघडली. माझा पहिला संशय प्रोसेसरवर होता, कारण 142 वॉटला थंडीत 88 अंश दाखवणारा प्रोसेसर आता 95 वरच राहत होता; खोली जितकी तापते तितकेच अंश आतही वाढतात, त्यामुळे त्यात नवल नव्हते. पण मर्यादेवर पोहोचलेला प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करून सांभाळून घेतो. रॅम तसे काही करत नाही. ती तापते, तिचे कपॅसिटर लवकर रिकामे होतात, आणि मी भरणीचा काळ साडेपाच पटींनी लांबवून ठेवलेला असल्याने काही बिट त्याआधीच पुसले जातात. डीडीआर5 च्या चिपमध्ये स्वतःची चूकदुरुस्ती असते, पण ती इतका बेजबाबदारपणा पोटात घालण्यासाठी नसते. शिवाय एक्सपो प्रोफाइल (रॅम खोक्यावरच्या वेगाने चालवणारी तयार सेटिंग) रॅमला 1.1 ऐवजी 1.35 व्होल्ट देते. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते असे धरले तर ती जवळजवळ दीडपट होते.

एचडब्ल्यूइन्फो या तापमान वगैरे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये स्टिकवरच्या सेन्सरचे तापमान पाहिले, तेव्हा संध्याकाळी 47 अंश होते. मग नोंद दिवसभर चालू ठेवली आणि दुपारी तीनला 63 अंश सापडले. कारण अगदी घरगुती निघाले: कामावर जाताना मी रेंडर लावून जात असे, आणि निघताना वीज वाचावी म्हणून खिडकीतला कूलर बंद करत असे. वरच्या मजल्यावरची, दारे-खिडक्या लावलेली ती खोली स्लॅबच्या उष्णतेने 41 अंशांपर्यंत जात होती, आणि ग्राफिक्स कार्डाची गरम हवा खालून थेट रॅमवर येत होती. परीक्षा घेतली होती जानेवारीच्या रात्री, आणि काम करून घेत होतो नवतप्याच्या दुपारी.

आता टीआरईएफआय 32,000 च्या आसपास आहे, रॅमचे व्होल्टेज 1.30 वर उतरवले आहे, आणि प्रोसेसरला 142 ऐवजी 105 वॉट देऊन कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रोसेसरचे व्होल्टेज कमी-जास्त करणारी सोय) उणे 20 ठेवला आहे. रेंडरिंगचा वेग त्यामुळे जेमतेम तीन-चार टक्क्यांनी कमी झाला. या बदलांची परीक्षा मी भर दुपारी, कूलर बंद करून, ग्राफिक्स कार्डावरही एकाच वेळी भार टाकून घेतली, आणि चार तासांत एकही चूक आली नाही. जुन्या सेटिंग बायोसमध्ये दुसऱ्या प्रोफाइलखाली जतन केल्या आहेत. डिसेंबरमध्ये त्या पुन्हा लावून पाहीन. पावसाळ्यात खिडकीतल्या कूलरचा तसाही उपयोग नसतो, कारण दमट हवेत पाणी उडतच नाही. तेव्हा खोली 31-32 अंशांवर राहील असे धरून कॅबिनेटच्या वरच्या बाजूला एक जादा पंखा बसवला आहे. दुपारी रेंडर लावून जायचे असेल तर आता खिडकीतला कूलर चालू ठेवतो. त्याची टाकी आई भरते.