महमूतचा फ्लॅट, युसुफचे बूट

रविवार, रात्री उशिरा

नुरी बिल्गे जेलानचा 'उझाक' आज परत लावला. 2002 चा तुर्की पिक्चर, 110 मिनिटांचा, आणि सुरुवातीला बराच वेळ कोणी धड बोलतच नाही. भाऊ शेजारी येऊन बसला, जरा वेळ बघितलं, "यात पुढे काही होणारे का?" म्हणाला आणि मोबाईल घेऊन आत गेला. मला हसूच आलं, कारण अगदी हाच सीन पिक्चरमध्ये आहे!

म्हणजे स्टोरी अशी की महमूत हा इस्तंबूलमधला घटस्फोटित फोटोग्राफर, एकेकाळी तारकोव्हस्की या संथ पिक्चरवाल्या रशियन दिग्दर्शकासारखे पिक्चर काढायची स्वप्नं आणि आता टाईल्सच्या कंपनीसाठी फोटो काढतो. त्याच्याकडे गावचा नातेवाईक युसुफ येतो, गावातली फॅक्टरी बंद पडलीये, जहाजावर काम मिळवायचंय. बर्फ पडतंय, काम काही मिळत नाही, मुक्काम लांबतो आणि महमूतची चिडचिड वाढत जाते, भांडत काही नाही, युसुफच्या बुटांवर स्प्रे मारतो आणि ते कपाटात ढकलतो बस. मुंबईत ज्यांच्या वन रूम किचनमध्ये गावचा पाहुणा महिनोन्महिने राहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको.

तर एका रात्री महमूत तारकोव्हस्कीचा 'स्टॉकर' लावून बसतो, युसुफ कंटाळून झोपायला जातो, आणि तो गेला रे गेला की महमूत हळूच ब्लू फिल्मची कॅसेट घालतो. युसुफ मध्येच परत येतो तेव्हा महमूत घाईघाईत चॅनल बदलतो ती धांदल बघण्यासारखी आहे. लोक आपल्या पिक्चरला स्लो म्हणणार, बोअर म्हणणार हे जेलानला माहीतच असणार, त्याने आधीच त्याची टिंगल करून ठेवली, आणि 'आम्ही बुवा जागतिक सिनेमा बघतो' म्हणणाऱ्यांचीही. त्यात मीही आलोच.

हा पिक्चर काढायला जेलानकडे पैसे कुठे होते म्हणा. चार-पाच जणांचं युनिट, लेखन, दिग्दर्शन, कॅमेरा, निर्मिती सगळं जेलानचं, एडिटिंगमध्येही तो, महमूतचा फ्लॅट म्हणजे त्याचं स्वतःचंच घर. म्हणूनच ते घर सेट वाटत नाही, सिगारेटचा वास येईल असं वाटतं.

2003 ला फ्रान्समधल्या कान फिल्म फेस्टिव्हलमध्ये ग्रां प्री हे दुसऱ्या नंबरचं बक्षीस मिळालं, तिकडच्या समीक्षकांनी डोक्यावर घेतला, आणि तुर्कस्तानातल्या थिएटरांत मात्र गर्दी काही झाली नाही. आजही बघणाऱ्यांचे दोनच गट दिसतात, एक मास्टरपीस म्हणणारा आणि दुसरा 'काहीच घडत नाही' म्हणणारा.

स्लो आहे हे मान्य, पण काहीच घडत नाही हे मला अजिबात पटत नाही. खिशातल्या घड्याळाचा सीन घ्या ना, महमूतला ते सापडत नाही, तो युसुफला विचारतो, चोर म्हणत नाही पण टोन तोच. मग घड्याळ एका डब्यात सापडतं आणि हा माणूस चक्क गप्प बसतो! बाहेर युसुफ बिचारा मी नाही घेतलं म्हणून सांगतोय आणि हा म्हणतो जाऊदे, सोड. एवढा हलकटपणा मारामारीच्या पिक्चरातल्या व्हिलनकडेही नसतो, आणि तो आपल्या ओळखीचा असतो हा खरा त्रास. उंदराचा सीन पण भयंकर आहे, पण त्याच्यावर आत्ता लिहीत नाही.

कानला बेस्ट अॅक्टरचं बक्षीस दोघांना मिळून दिलं, महमूत झालेला मुझफ्फर ओझदेमिर आणि युसुफ झालेला मेहमेत एमिन तोप्राक. तोप्राक जेलानचा नात्यातलाच भाऊ, शूटिंग संपल्यावर थोड्याच दिवसांत कार अपघातात गेला, बक्षीस बघायला राहिलाच नाही. ज्युरींनी एकट्या ओझदेमिरला दिलं असतं तरी कोणी नावं ठेवली नसती, महमूतचं काम अवघड आहेच. पण मग युसुफला परत एकदा बाजूला सारल्यासारखं झालं असतं, ते त्यांनी केलं नाही, बरं केलं.